रक्त साकळण्याचें माप : घरचें यंत्र आणि प्रयोगशाळा



गेल्या वैशाखांतील एका सकाळीं माझ्या हातांतल्या लहानशा यंत्रानें ४.४ हा आंकडा दाखविला, आणि त्या दिवशींची गोळी घ्यावी कीं न घ्यावी, असा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर चुकलें असतें, तर आज हें भाषण करावयास मी उरलों असतों कीं नाहीं, याची मला शंका आहे. त्या एका आंकड्याची हकीकत आणि तिच्यापासून मला मिळालेला धडा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडचा राहणारा. सारी हयात प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेली. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. वैद्यकशास्त्रांत मला कसलाहि अधिकार नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. जें सांगणार आहें, तें एका रोग्यानें वही लिहून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि मिळेल तें वाचून गोळा केलेलें ज्ञान आहे.

लहानपणीं माझा घसा दुखून ताप आला आणि पाठोपाठ सांधे सुजले. सांधे कांहीं आठवड्यांत बरे झाले. परंतु हृदयाची एक झडप कायमची बिघडली. गरिबांच्या, दाटीवाटीनें राहणाऱ्या घरांतील मुलांना हा आजार अधिक होतो. पुढें चाळिशी उलटल्यावर नागपुरास शस्त्रक्रिया करून ती झडप काढावी लागली आणि तिच्या जागीं कृत्रिम झडप बसविण्यांत आली. आतां अशा झडपा आपल्या देशांतहि होतात; तिरुवनंतपुरम् येथील श्रीचित्रा संस्थेनें तयार केलेली झडप १९९० सालीं प्रथम मनुष्याच्या हृदयांत बसविली गेली.

कृत्रिम झडपेनें प्राण वाचतो, परंतु रक्त तिला परकी समजतें. परक्या वस्तूवर रक्त साकळूं लागतें. गुठळी झडपेंत अडकली तर झडप बंद पडते. सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून जन्मभर एक गोळी घ्यावी लागते. तिला आपण 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतों. वास्तविक रक्त पातळ होत नाहीं. त्याला साकळावयास अधिक वेळ लागतो, इतकेंच. हें औषध सांपडलें तेंहि विलक्षण रीतीनें. १९२० नंतरच्या दशकांत उत्तर अमेरिकेंत बुरशी आलेला एक विशिष्ट चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. त्या चाऱ्यांतील द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल लिंक व त्यांचे सहकारी यांनीं शोधून काढलें. त्याच कुळांतील वॉरफरिन हें द्रव्य १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देण्यांत येऊं लागलें. जें उंदराला मारतें, तेंच मापून दिलें असतां माणसाला जगवितें. तेव्हां सारा प्रश्न मापाचा आहे. औषध कमी पडलें तर गुठळी, अधिक झालें तर रक्तस्राव. आणि या दोहोंमधली वाट फार अरुंद आहे. अलीकडे मापाची गरज नसलेलीं नवीं औषधें निघालीं आहेत. परंतु त्यांपैकीं एकाचा कृत्रिम झडपेच्या रोग्यांवर केलेला प्रयोग, गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही अधिक दिसल्यामुळें, मध्येंच थांबवावा लागला. त्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणून आम्हां झडपवाल्यांना जुनीच गोळी व जुनेंच माप.

हें माप कसें घेतात, तें आतां पाहूं. १९३५ सालीं आर्मंड क्विक या अमेरिकन संशोधकानें एक कसोटी प्रसिद्ध केली. रक्तांतील पेशी वेगळ्या काढून उरलेल्या पिवळसर द्रवांत रक्त साकळविणारें एक द्रव्य घालावयाचें आणि गुठळी धरण्यास किती सेकंद लागतात, तें मोजावयाचें. निरोगी माणसास बारा सेकंद लागले आणि रोग्यास चोवीस, तर रोग्याचें रक्त दुप्पट वेळ घेतें, असें झालें. परंतु येथें एक अडचण होती. साकळविणारें द्रव्य सर्वत्र सारखें नसे. एका ठिकाणीं तें तिखट, तर दुसऱ्या ठिकाणीं सौम्य. म्हणून एकाच माणसाच्या रक्ताला दोन प्रयोगशाळांत दोन निरनिराळे आंकडे येत. पूर्वीं प्रत्येक गांवची पायली वेगळी असे आणि एका गांवचें पांच पायल्या धान दुसऱ्या गांवीं पांच पायल्या भरत नसे, तसाच हा प्रकार.

१९८३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें यावर तोड काढली. प्रत्येक द्रव्याला त्याच्या तिखटपणाप्रमाणें एक निर्देशांक द्यावयाचा आणि वरील गुणोत्तराचा त्या निर्देशांकाइतका घात करावयाचा. गुणोत्तर २ असून निर्देशांक १ असेल, तर उत्तर २.०, निर्देशांक १.५ असेल, तर तेंच उत्तर २.८. या उत्तराला आय. एन. आर. म्हणतात. आमच्या नागभीड जंक्शनावर २०१९ पर्यंत नागपूरकडील अरुंद रुळांची गाडी आणि गोंदियाकडून चांदा फोर्टकडे जाणारी रुंद रुळांची गाडी, दोन्ही येत. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नसे. माल उतरवून चढवावा लागे. आय. एन. आर. म्हणजे निरनिराळ्या रुळांवरचा माल एकाच रुळावर आणण्याची सोय. निरोगी माणसाचा आंकडा सुमारें १ असतो. माझ्या डॉक्टरांनीं माझ्यासाठीं २.५ ते ३.५ ही मर्यादा ठरवून दिली आहे. कोणाची मर्यादा २ ते ३ असते. ज्याची त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारावी.

आतां घरच्या यंत्राकडे वळूं. प्रयोगशाळेंत दंडाच्या शिरेंतून रक्त घेतात, तें निळ्या टोपणाच्या नळींत, साकळूं नये म्हणून घातलेल्या औषधांत मिसळतात, नळी गरगर फिरवून पेशी खालीं बसवितात आणि वरच्या द्रवावर कसोटी घेतात. घरच्या यंत्राला बोटाच्या टोकांतील एक थेंब पुरतो. तो थेंब पेशींसकट कागदासारख्या पट्टीवर जातो. पट्टीवर साकळविणारें द्रव्य आधींच वाळवून ठेवलेलें असतें. कित्येक यंत्रें प्रत्यक्ष गुठळी पाहतच नाहींत. साकळण्याच्या क्रियेंत थ्रॉम्बिन नांवाचा एक पदार्थ उत्पन्न होतो. तो पट्टीवरील दुसऱ्या एका द्रव्यास तोडतो, त्यामुळें सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि यंत्र तो प्रवाह मोजतें. त्यावरून हिशेब करून एका मिनिटाच्या आसपास आंकडा दाखवितें. म्हणजे रक्त वेगळ्या जागचें, तेंहि पेशींसकट, आणि मोजण्याची रीत निराळी. इतक्या फरकानंतरहि दोन्ही आंकडे बहुधा जवळजवळ येतात, हेंच आश्चर्य मानलें पाहिजे.

परंतु 'जवळजवळ' म्हणजे किती? अशा यंत्रांसाठीं २००७ सालीं एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलें. आंकडा २ ते ४.५ यांच्या दरम्यान असतां, शंभर तपासण्यांपैकीं नव्वदांत यंत्र व प्रयोगशाळा यांतील अंतर तीस टक्क्यांच्या आंत असावें, असें त्या मानकानें सांगितलें. हें प्रथम वाचलें तेव्हां मला समाधान वाटलें. मग मास्तरकीच्या संवयीनें मीं पाटीवर हिशेब मांडला आणि समाधान उडालें. प्रयोगशाळेचा आंकडा ३.० असेल, तर तीस टक्के म्हणजे ०.९. तेव्हां यंत्रानें २.१ दाखविलें तरी तें मानकांत बसतें, आणि ३.९ दाखविलें तरी बसतें. माझी मर्यादा २.५ ते ३.५. एका आंकड्यावर मी गोळी वाढविण्याचा विचार करीन, दुसऱ्यावर कमी करण्याचा. आणि खरें पाहतां रक्त अगदीं जसें पाहिजे तसेंच आहे! यंत्र मानकांत उतरलें, एवढ्यानें रोग्याचा प्रश्न सुटत नाहीं. रोग्यानें विचारावयाचें तें असें, कीं दोन्ही आंकड्यांवरून निर्णय एकच निघतो कीं नाहीं?

म्हणून मीं एक वही केली. प्रयोगशाळेंत रक्त देण्यास जाईन, त्या दिवशीं यंत्र बरोबर नेतों आणि त्याच बैठकींत बोटाचा थेंबहि तपासतों. वहींत दोन रकाने आहेत. यंत्र २.६, प्रयोगशाळा २.५. यंत्र २.९, प्रयोगशाळा २.७. यंत्र ३.३, प्रयोगशाळा ३.०. यंत्र ३.८, प्रयोगशाळा ३.३. ही एकाच माणसाची व एकाच यंत्राची वही आहे. तिच्यावरून जगाचा नियम काढूं नये. परंतु माझ्यापुरतें दोन गोष्टी कळल्या. माझें यंत्र थोडें वर वाचतें, आणि आंकडा जसजसा चढतो तसतसें हें अंतर वाढतें. पहिल्या तीन जोड्यांत निर्णय एकच होता. चौथींत मात्र यंत्रानें मला मर्यादेबाहेर काढलें आणि प्रयोगशाळेनें आंत ठेवलें. आंकडा चढला म्हणजे प्रयोगशाळेंतून खात्री करून घ्यावी, असें डॉक्टर सांगत, त्याचें कारण मला त्या दिवशीं उमजलें.

मोठ्या कारखान्यांचीं यंत्रेंहि चुकलीं आहेत. अमेरिकेंत एका यंत्राविषयीं २०१४ सालीं इशारा निघाला. तें प्रयोगशाळेपेक्षां आंकडा फार कमी दाखवी, विशेषतः रक्त कमी असलेल्या व इतर कांहीं आजारांच्या रोग्यांत. २०१६ सालीं तें यंत्र बाजारांतून काढून घेण्यांत आलें. कमी आंकडा दाखविणारें यंत्र अधिक धोक्याचें. कारण रोगी गोळी वाढवितो आणि रक्तस्रावाकडे जातो. पुढें २०१८ सालीं दुसऱ्या एका प्रसिद्ध यंत्राच्या पट्ट्या परत घ्याव्या लागल्या. त्या नव्या आंतरराष्ट्रीय मापाशीं जुळवितांना ४.५ च्या वरचे आंकडे वाजवीपेक्षां अधिक दाखवूं लागल्या होत्या. दोन्ही वेळां दोष उघडकीस आला तो प्रयोगशाळेशीं ताडून पाहिल्यामुळेंच.

प्रयोगशाळा तरी चुकत नाहीं काय? चुकते. निळ्या टोपणाच्या नळींत खुणेपर्यंत रक्त भरलें नाहीं, तर औषधाचें प्रमाण जास्त होऊन आंकडा फुगतो. नळी वेळेवर पोंचली नाहीं किंवा द्रव्याचा निर्देशांक चुकीचा धरला, तरी उत्तर बिघडतें. म्हणून प्रयोगशाळा म्हणजे वेदवाक्य नव्हे. तिच्याजवळ रोज तपासून घेतलेला कांटा असतो आणि चूक शोधण्याची रीत असते, एवढाच तिचा मोठेपणा.

आतां आपल्या झाडीपट्टीच्या मुलुखांत या यंत्राला ज्या तीन परीक्षा द्याव्या लागतात, त्यांविषयीं सांगतों. पुण्यामुंबईकडील रोग्यांना त्यांची आंच इतकी लागत नाहीं.

पहिली परीक्षा उन्हाची. पट्ट्या तीस अंशांच्या आंत ठेवाव्या, असें पुष्कळ डब्यांवर लिहिलेलें असतें. आमचा शेजार ब्रह्मपुरीचा. उन्हाळ्यांत देशांतील अतितप्त गांवांच्या यादींत त्या गांवाचें नांव वारंवार येतें. पारा पंचेचाळिसांच्या पुढें जातो. अशा दिवसांत पत्र्याच्या घरांतील फळीवर ठेवलेली पट्टी कशी टिकावी?

दुसरी परीक्षा रक्तक्षयाची. यंत्र पेशींसकट रक्त मोजतें, म्हणून पेशी फार कमी असल्या किंवा फार जास्त असल्या तर तें फसतें. एका प्रचलित यंत्राची मर्यादा अशी आहे, कीं रक्तांत पेशींचें प्रमाण पंचवीस ते पंचावन्न टक्के असावें. आपल्याकडे बायामाणसांत रक्तक्षय पुष्कळ, आणि पूर्व विदर्भांतील आदिवासी व इतर कांहीं समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. अशा रोग्याचे पेशींचें प्रमाण पंचविसांच्या खालीं सहज उतरतें. ज्याला हें यंत्र घ्यावयाचें असेल, त्यानें आधीं रक्तांतील पेशींचें प्रमाण तपासून घ्यावें. सिकलसेलच्या शिबिरांत आधीं सोपी चांचणी होते आणि ती होकारार्थी आली म्हणजे प्रयोगशाळेंत पक्की तपासणी होते, हें आपल्या गांवांत पुष्कळांना ठाऊक आहे. सोपी चांचणी संशय सांगते, पक्की तपासणी निकाल देते. घरच्या यंत्राचेंहि तसेंच समजावें.

तिसरी परीक्षा सर्पदंशाची. ही गोष्ट अगदीं ध्यानांत ठेवावी. धानाच्या बांधावर घोणस चावली म्हणजे तिच्या विषानें रक्त साकळेनासें होतें. 'मास्तरांच्या घरीं रक्त साकळण्याचें यंत्र आहे, त्यावर पाहूं', असें कोणाच्या मनांत येईल; परंतु तें कधींहि करूं नये. विषानें रक्तांतील तंतुजनक द्रव्य संपून गेलेलें असतें आणि गुठळी होऊं शकत नाहीं. पण थ्रॉम्बिन मोजणाऱ्या यंत्राला ही उणीव दिसतच नाहीं. ऑस्ट्रेलियांत सर्पदंशाच्या रोग्यांत असें यंत्र सर्व ठीक असल्याचें सांगत होतें आणि प्रयोगशाळा रक्त साकळत नसल्याचें सांगत होती, असा अनुभव आलेला आहे. रोग्यास धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून तांतडीनें रुग्णालय गांठावें. तेथें डॉक्टर कोऱ्या, कोरड्या कांचेच्या नळींत शिरेतील थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवतात आणि मग नळी एकदां कलती करून पाहतात. रक्त साकळलें नसेल, तर विष भिनलें आहे. ही चांचणी अगदीं साधी आहे. परंतु त्या कामासाठीं तीच योग्य. प्रत्येक मापाचें आपापलें काम असतें.

आतां त्या ४.४ कडे परत येतों. आंकडा पाहून मला वाटलें, दोन दिवस गोळी बंद ठेवावी. परंतु त्याआधीं डॉक्टरांस दूरध्वनि केला. ते म्हणाले, "मास्तर, नाकातोंडांतून रक्त येत आहे काय? शौच काळें झालें काय?" मीं नाहीं म्हणालों. "मग गोळीला हात लावूं नका. उद्यां सकाळीं प्रयोगशाळेंत या, आणि यंत्र, पट्ट्या सारें बरोबर आणा." दुसऱ्या दिवशीं सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास करून नागपुरास गेलों. एकाच बैठकींत माझ्या पट्टीवर ४.३ आलें, प्रयोगशाळेंत २.९ आलें आणि तेथेंच घेतलेल्या नव्या डब्यांतील पट्टीवर ३.१ आलें. यंत्र तेंच, बोट तेंच. फरक फक्त पट्टीचा. जुना डबा पंधरा दिवस खिडकीच्या फळीवर, पत्र्याखालीं पडलेला होता. दुसरें कारण मला दिसत नाहीं. मीं गोळी सोडली असती, तर २.९ चा आंकडा दोन-चार दिवसांत खालीं घसरला असता आणि झडपेवर गुठळी धरण्यास वाट मोकळी झाली असती. यंत्र फळीवर ठेवणारा मीच. दोष कोणाला देऊं?

मग हें यंत्र टाकूनच द्यावें काय? तसें मुळींच नाहीं. गेल्या श्रावणांत आम्हीं तरोट्याची भाजी कांहीं दिवस रोज खाल्ली. हिरव्या पाल्यांत के जीवनसत्त्व असतें आणि तें या गोळीच्या विरुद्ध काम करतें. यंत्रानें १.९ दाखविलें, प्रयोगशाळेंत गेलों, तेथें १.८ आलें. डॉक्टरांनीं मात्रा बदलली. यंत्र नसतें, तर पुढच्या तपासणीपर्यंत तीन आठवडे मला कांहीं कळलें नसतें. जगाचा अनुभवहि असाच आहे. अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१६ सालीं जो निष्कर्ष निघाला, त्यांत शिकवणूक घेऊन घरीं तपासणाऱ्या रोग्यांत गुठळ्यांचे प्रसंग कमी आढळले. मोठा रक्तस्राव मात्र कमी झाला नाहीं. अमेरिकेंतील २,९२२ माजी सैनिकांवरील प्रयोगांत, ज्याचा वृत्तांत २०१० सालीं आला, घरीं दर आठवड्यास तपासणारे आणि दर महिन्यास चांगल्या दवाखान्यांत तपासून घेणारे, यांच्या पक्षाघात, मोठा रक्तस्राव वा मृत्यु यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. याचा अर्थ मीं असा लावला, कीं जेथें चांगला दवाखाना हाताशीं आहे, तेथें यंत्राचा लाभ थोडा. जेथें तो शंभर किलोमीटरांवर आहे, तेथें यंत्राचा उपयोग आहे, परंतु त्याची पारख ठेवणाऱ्यासच.

ती पारख कशी ठेवावी, तें सांगून संपवितों. यंत्र घेतल्याबरोबर आणि नंतर वरचेवर, एकाच बैठकींत दोन्ही तपासण्या करून वहींत लिहाव्या. हात कोमट पाण्यानें धुऊन पुरे कोरडे करावे. बोट पिळूं नये. पहिलाच थेंब लगेच पट्टीस लावावा आणि कमी पडला म्हणून वर दुसरा घालूं नये. पट्ट्यांची मुदत पाहावी, त्या थंड व कोरड्या जागीं ठेवाव्या, आणि नव्या डब्याची पहिली पट्टी शक्य तर प्रयोगशाळेशीं ताडावी. आंकडा ४ च्या वर गेला, एकाएकीं फार बदलला किंवा अंगाला जें जाणवतें त्याशीं जुळला नाहीं, तर प्रयोगशाळा गांठावी. रक्तस्राव होत असेल किंवा तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें असें कांहीं दिसलें, तर आंकडा पाहण्यांत वेळ न दवडतां रुग्णालयांत जावें. आणि डॉक्टरांच्या सांगण्यावांचून गोळी स्वतःच्या मनानें कमीजास्त करूं नये.

शाळेंत असतांना मी मुलांना सांगत असें, कीं उत्तर आलें म्हणजे गणित संपलें नाहीं. ताळा करून पाहा. त्या ४.४ चा ताळा करण्यास मला एक दिवस व नागपूरचा प्रवास लागला. तो एक दिवस मला महाग वाटला नाहीं.